चुकीच्या उत्तरांचा सामाईक साठा: केंद्रातल्या कामाच्या नोंदी

२३ जून २०२५

शाळा सुरू होऊन आठवडा झाला. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, पहिल्या शिक्षण परिषदेत (शिक्षकांच्या मासिक बैठकीत) काम पक्कं झालं. गणित आणि विज्ञानाच्या काही ठरावीक प्रश्नांना पाचवी ते आठवीची मुलं काय उत्तरं देतात, ती जशीच्या तशी एका जागी जमा करायची. गुण, श्रेणी, टक्केवारी यातलं काही नाही. मुलानं पेन्सिलीनं जे लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, तेच. साठा केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या मालकीचा, आणि पुढे ज्याला अभ्यासाला लागेल त्याला खुला.

आमचं केंद्र रत्नागिरी जिल्ह्यातलं, बहुतेक शाळा लहान पटाच्या. इथून आकडे वर पाठवण्याची सवय सगळ्यांना आहे. पायाभूत चाचणी झाली, संकलित झाली, तक्ते भरले. त्यातून खाली परत येतं ते ‘दशांश अपूर्णांक कच्चे’ एवढंच. कच्चे म्हणजे नक्की काय, हे उत्तरपत्रिकेत असतं आणि उत्तरपत्रिका वर्षअखेरीला रद्दीत जातात. एखादं चमत्कारिक उत्तर एका वर्गात वर्षातून एकदा दिसतं, म्हणून शिक्षक ते सोडून देतो. तेच उत्तर शेजारच्या चार शाळांतही आलंय हे कळलं, तर तो थांबून विचार करेल. एवढ्यासाठी हा खटाटोप.

दुसऱ्या कुठल्या केंद्राला हे करायचं असेल, म्हणून नोंदी ठेवतोय.

५ जुलै

प्रश्न कोणते घ्यायचे, यावर सकाळची शाळा सुटल्यानंतरचा सगळा वेळ गेला. प्रत्येकाला आपल्या वर्गाला सोयीचे प्रश्न हवे होते. कुणी म्हणे आकडे बदलून घेऊ, कुणी म्हणे शब्द सोपे करू. तसं केलं असतं तर एका शाळेचं उत्तर दुसऱ्या शाळेच्या शेजारी ठेवताच आलं नसतं.

इथे एक जुनं उदाहरण कामी आलं. बल आणि गती यांवरची २९ प्रश्नांची एक चाचणी अमेरिकेतल्या हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यातले चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या खऱ्याखुऱ्या समजुतींतून घेतलेले होते. वेगवेगळ्या शाळा-कॉलेजांतल्या शिक्षकांनी तेच प्रश्न, त्याच शब्दांत वापरले. म्हणून तिथलेच भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रिचर्ड हेक यांना १९९८ मध्ये ६२ अभ्यासक्रमांतल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे निकाल शेजारी मांडून दाखवता आलं की, नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांपेक्षा करून बघणाऱ्या, बोलणाऱ्या वर्गांची समज बरीच जास्त वाढते. एकट्या प्राध्यापकाच्या एका वर्गातून हे कधी सिद्ध झालं नसतं. हे सांगितल्यावर ‘शब्द बदलायचा नाही’ हा नियम सगळ्यांनी मान्य केला.

दशांशाचे प्रश्न जोडीने घेतले. ‘३.७ आणि ३.४२ यांत मोठी संख्या कोणती?’ ज्याला वाटतं की जास्त आकडे म्हणजे मोठी संख्या, तो ३.४२ म्हणतो आणि सापडतो. पण उलट समजूत असलेलीही मुलं असतात. शतांश दशांशापेक्षा बारीक, म्हणून लांबलचक संख्या लहानच असणार, असं ती धरतात. अशा मुलाचं इथलं उत्तर बरोबर येतं. त्याच्यासाठी ‘६.५२८ आणि ६.४१’ हा जोडीचा प्रश्न. तो इथे ६.४१ म्हणतो. मेलबर्न विद्यापीठात के स्टेसी आणि विकी स्टाइनल यांनी दशांशांच्या तुलनेवर अशाच जोड्यांमधून वर्षानुवर्षं काम केलंय. पद्धत तिथली, आकडे आमचे.

एका सरांनी आणलेले छान प्रश्न बाद करावे लागले. ते बाजारातल्या मार्गदर्शकातून उतरवलेले होते. साठा खुला ठेवायचा, तर दुसऱ्याच्या हक्काचे प्रश्न त्यात चालत नाहीत. सगळे प्रश्न आम्ही स्वतः लिहिले.

१४ जुलै

पहिली प्रश्नपत्रिका तीन शाळांत घेतली. धो धो पाऊस, वर्गात अंधार, वीज नाही. उत्तरपत्रिकांचे फोटो मोबाइलवर काढले ते वाया गेले. फिकट पेन्सिल, त्यावर हाताची सावली, आणि दमट कागदाला आलेला बाक. खोडलेलं तर काहीच दिसेना, आणि आम्हाला खोडलेलंच जास्त हवं होतं.

उपाय साधे निघाले. गावातल्या सुताराकडून लाकडी स्टँड करून घेतला: खाली फळी, वर मोबाइल आडवा ठेवायला खाचेची पट्टी. २५० रुपये. दोन्ही बाजूंनी चार्जिंगचे दोन दिवे तिरके ठेवले की सावली पडत नाही आणि खोडलेल्या अक्षरांचे वळ उठून दिसतात. मुलांना खोडरबर न देता, चुकलं तर एक आडवी रेघ मारून पुढे लिहायला सांगितलं. पहिल्यांदा मुलं बिचकली, कारण खाडाखोड म्हणजे बोलणी, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. ‘रेघ मारलेलं आम्हाला वाचायचंय’ असं स्पष्ट सांगितल्यावर मोकळी झाली.

२६ जुलै

सगळ्यांनी फोटो चॅटच्या ग्रुपवर टाकले. तिथे फोटो दाबून लहान होतो आणि दशांशचिन्ह दिसेनासं होतं. ३.४२ की ३४२, कळायला मार्ग नाही. मग फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचं ठरलं. स्पष्ट येऊ लागले. पण तसा पाठवला की फोटोबरोबर दडलेली माहितीही जाते: तारीख, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांश. म्हणजे नाव झाकून पाठवलेल्या उत्तरपत्रिकेला शाळेचा पत्ता चिकटलेला. हे एका तरुण सरांच्या लक्षात आलं म्हणून बरं.

आता चालू असलेली रीत अशी. कॅमेऱ्याचं लोकेशन बंद. उत्तरपत्रिकेचा वरचा नावाचा पट्टा मागे दुमडून फोटो. फोटो कॉम्प्युटरवर केबलनं घ्यायचे, कृष्णधवल करून लहान करायचे, दडलेली माहिती पुसायची आणि मगच सामाईक फोल्डरमध्ये ठेवायचे. मोफत खात्याची १५ जीबी जागा रंगीत फोटोंनी झपाट्यानं भरत होती, तोही प्रश्न यात सुटला.

२ ऑगस्ट

हा आठवडा स्प्रेडशीटने खाल्ला. ज्यांना ही नोंद वाचायचा कंटाळा येईल त्यांनी निदान ही तरी वाचावी.

मुलांची उत्तरं टाइप करायला घेतली. एका शाळेच्या तक्त्यात अपूर्णांकांच्या रकान्यात सगळीकडे तारखा. मुलानं ३/४ लिहिलेलं, तक्त्यानं त्याचा ३ एप्रिल करून टाकलेला. सेलचं स्वरूप नंतर ‘मजकूर’ केलं तरी ३/४ परत येत नाही, तिथे ४६ हजारांच्या घरातला तारखेचा आकडा दिसतो. सगळं पुन्हा टाइप करावं लागलं. रकाना आधी ‘मजकूर’ करायचा आणि मगच टाइप करायचं, हा आता पहिला नियम.

दुसरं याहून घातक होतं, कारण ते डोळ्यांना दिसत नव्हतं. ओळखीसाठी ‘सरल’ या राज्याच्या ऑनलाइन शालेय नोंदींतला विद्यार्थी क्रमांक टाकला होता. तो १९ आकडी. स्प्रेडशीट संख्येचे १५ आकडेच सांभाळते, पुढच्या आकड्यांचे शून्य करते. आणि या क्रमांकात मूल कोणतं हे सांगणारे आकडे शेवटीच असतात. त्यामुळे एका शाळेत एका वर्षी दाखल झालेली सगळी मुलं एकाच क्रमांकाची झाली. कुठेही लाल खूण नाही, इशारा नाही. एका मुलाच्या नावावर एकाच प्रश्नाची नऊ उत्तरं दिसली, तेव्हा उलगडा झाला.

तसाही हा क्रमांक साठ्यात नकोच होता, त्यावरून मूल ओळखता येतं. आता प्रत्येक शाळा स्वतःचा सांकेतिक क्रमांक देते, अक्षरानं सुरू होणारा, म्हणजे तक्ता त्याला संख्या समजतच नाही. नाव आणि संकेत यांची जोडयादी फक्त त्या शाळेच्या कपाटात, कागदावर.

तिसरी अडचण लिपीची. दोन शाळांचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये होता, तो दुसऱ्या मशीनवर निव्वळ इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा. आणि युनिकोडमध्येही कुणी १२ देवनागरीत लिहिलं, कुणी इंग्रजी आकड्यांत. शोध घेतला की अर्धी उत्तरं गायब. उतरवताना मुलानं लिहिलं तसंच लिहायचं आणि शेजारी शोधासाठी एकसारख्या आकड्यांचा वेगळा रकाना, असं केलं.

२९ ऑगस्ट

संमतीपत्रं. जुलैपासून हे अडलं होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरलाय आणि मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी असं म्हटलंय. नावं काढली तरी विचारल्याशिवाय साठ्यात काही कायम ठेवायचं नाही, हे आम्ही सुरुवातीलाच ठरवलं होतं. पण आमच्याकडे निम्म्या मुलांचे आईवडील मुंबईला. घरी आजी-आजोबा. पत्र घरी जायचं आणि कोरं परत यायचं, किंवा यायचंच नाही.

गणपतीत सगळा चाकरमानी गावी येतो. बुधवारी गणपती बसले, आणि कालपासून आम्ही वाडीवाडीत फिरतोय. आरतीला घरात सगळे असतात, प्रसाद झाला की निवांत बोलता येतं. पहिलं पत्र सरकारी भाषेत दीड पान होतं, ते बाजूला ठेवलं. नवीन पत्र सहा ओळींचं: काय घेणार, काय घेणार नाही, कोण बघणार, नको म्हटलं तर मुलाचं काहीही बिघडणार नाही, नंतर कधीही नको म्हणता येईल, कुणाला सांगायचं. हे वाचून दाखवायचं आणि मग सही.

एका वडिलांनी विचारलं, ‘माझ्या पोराची चूक जगाला दाखवणार म्हणजे काय?’ प्रश्न रास्त होता. त्यांना त्यांच्याच मुलाची उत्तरपत्रिका दाखवली, नाव नसलेली, आणि त्याच चुकीच्या दुसऱ्या शाळांतल्या तीन. त्यांनी चारही नीट पाहिल्या, आपल्या मुलाची कोणती हे त्यांना सांगता आलं नाही, आणि सही केली. दोन घरांनी नाही म्हटलं. त्या मुलांचे कागद वेगळे काढून परत दिले.

२० सप्टेंबर

उत्तरांना कोड द्यायचं काम. कोड म्हणजे उत्तरामागच्या समजुतीचं नाव. कोडवहीत दशांशासाठी चार कोड: ‘लांब ती मोठी’, ‘लांब ती लहान’, ‘बरोबर’, ‘इतर’. प्रश्नांच्या जोडीवरून एक कोड. पन्नास उत्तरपत्रिका दोन शिक्षकांनी एकमेकांना न विचारता तपासल्या.

‘लांब ती मोठी’ आहे की नाही, एवढंच आधी जुळवून पाहिलं. पन्नासपैकी चाळीस ठिकाणी एकमत, म्हणजे ८० टक्के. सगळे खूश. पण दोघांनीही तो कोड चाळीस-चाळीस मुलांना दिला होता. इतक्या ढोबळ प्रमाणात डोळे मिटून कोड वाटले तरी ६८ टक्के जुळले असते. मानसशास्त्रज्ञ जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिलेल्या रीतीनं योगायोगाचा हा वाटा बाजूला काढून, उरलेल्या ३२ टक्क्यांत खरं एकमत किती ते मोजलं की येतं ०.३८ च्या आसपास. हे कमी आहे. यावर साठा उभा करता येत नाही.

दोघांना समोरासमोर बसवून मतभेदाची दहाही उत्तरं काढली. भांडण बहुतेक एकाच जागी होतं. मुलानं उत्तर एक लिहिलंय आणि कारण दुसरंच. बाई उत्तराला कोड देत होत्या, सर कारणाला. दोघंही आपापल्या जागी बरोबर. उत्तराचा कोड वेगळा, कारणाचा कोड वेगळा केला, नवीन पन्नास घेतल्या आणि जुळणी बरीच सुधारली.

यातून साठ्याची रचनाच बदलली. आता तीन थर आहेत: उत्तरपत्रिकेचं चित्र, त्याचा टाइप केलेला उतारा आणि कोड. कोडच्या शेजारी कोडवहीची आवृत्ती आणि कोड देणाऱ्याचा संकेत. नवीन कोड दिला तरी जुना खोडायचा नाही. चित्राला कुणीच हात लावायचा नाही. आपण आज मुलाच्या उत्तराचा जो अर्थ लावतो तो उद्या बदलू शकतो, आणि चित्र जागेवर असेल तरच तो बदलता येतो.

११ ऑक्टोबर

या कामातला आतापर्यंतचा सगळ्यात मोलाचा दिवस.

‘४.५ + ०.२ = ?’ या प्रश्नाला वेगवेगळ्या शाळांत काही मुलांनी ५.१ लिहिलं होतं. कोड ‘इतर’. म्हणजे आमच्या मते ठोकून दिलेलं उत्तर. आज ‘इतर’चा गठ्ठा सगळे मिळून वाचत होतो. क्रिकेटचा संघ घेऊन तालुक्याला जाणारे एक सर कागद हातात धरून म्हणाले, ‘अहो, हे षटक आहे.’ चार षटकं पाच चेंडू, त्यात दोन चेंडू मिळवले की पाच षटकं एक चेंडू. ५.१. हिशेब अगदी चोख, फक्त दहाऐवजी सहाचा.

लगेच दुसरा प्रश्न काढला, ‘२.४ + ०.३’. त्याच मुलांची उत्तरं ३.१. ठोकून दिलेलं दोनदा इतकं जुळत नाही. नंतरची भर: सोमवारी शाळांतून विचारून घेतलं. एकानं सांगितलं, ‘टीव्हीवर पॉइंटनंतर सातवा कधी येतच नाही.’

एका शाळेत असं मूल एखाद-दुसरं. केंद्रात ती एक टोळी आहे. यांना ‘दशांश कच्चे’ म्हणून पुन्हा तीच गणितं सोडवायला देणं म्हणजे त्यांच्याकडे असलेलं ज्ञान न बघताच त्यांना शिकवायला जाणं. आता त्या सरांच्या वर्गात धावफलक आणि मोजपट्टी शेजारी शेजारी लावून दोन्हीतला टिंब काय सांगतो, यावर तास होतो. उंचीचंही तसंच: घरी ‘पाच फूट अकरा इंच’ ५.११ असं लिहितात आणि तो माणूस ५.९ वाल्यापेक्षा उंच असतो. ‘लांब ती मोठी’ म्हणणारी सगळी मुलं एकाच वाटेनं तिथे आलेली नाहीत. कोडवहीत दोन नवीन कोड गेले. जुन्या सगळ्या चित्रांवरून पुन्हा हात फिरवायचं काम दिवाळीच्या सुट्टीत.

८ नोव्हेंबर

विज्ञान. एक सेल, एक बल्ब, एक तार. बल्ब पेटेल असं चित्र काढा. चित्रांचा उतारा शब्दांत लिहायचा प्रयत्न पूर्ण फसला, दोघांची वर्णनं कधीच जुळेनात. त्याऐवजी तीन साधे प्रश्न ठेवले: सेलची किती टोकं वापरली, बल्बला किती ठिकाणी स्पर्श केला, वाटोळा मार्ग पुरा होतो का. हे जुळतं.

चित्र काढून झाल्यावर मुलांनी प्रत्यक्ष लावून बघायचं होतं. बॅटरीचे जुने बारीक बल्ब तालुक्यात मिळेनात, दुकानदारानं एलईडी दिले. एका १.५ व्होल्टच्या सेलवर एलईडी पेटत नाही, आणि उलटा लावला तर दोन सेलवरही नाही. ज्या मुलीनं जोडणी बरोबर केली होती तिचाही दिवा लागला नाही, आणि तिनं आपलं बरोबर चित्र खोडून चुकीचं काढलं. त्या दिवसाच्या उत्तरपत्रिका साठ्यात वेगळ्या खुणेनं ठेवल्या आहेत, कुणी त्या इतरांत मिसळू नयेत. तारेचे बल्ब शेवटी कोल्हापुरातून मागवले. तिला आणि तिच्या वर्गाला पुन्हा सगळं करून दाखवलं.

२९ नोव्हेंबर

एका बीएड कॉलेजच्या विद्यार्थिनींनी साठा अभ्यासाला मागितला. द्यायच्या आधी तपासलं आणि थांबलो. सहावीत तीनच मुलं असलेली शाळा आहे आमच्याकडे. ‘अमुक शाळा, सहावी, मुलगी’ एवढं लिहिलं की गावातल्या कुणालाही ती कोण ते कळतं. नाव नसून उपयोग नाही.

बाहेर द्यायच्या प्रतीत आता शाळा नाही, फक्त केंद्र. इयत्ता जोडीनं, पाचवी-सहावी आणि सातवी-आठवी. कुठल्याही गटात दहापेक्षा कमी मुलं उरत असतील तर तो गट मोठ्या गटात मिसळायचा. यामुळे अभ्यासकांना काही बारकावे मिळणार नाहीत, आणि ते आम्ही मान्य केलंय. प्रश्न, कोडवही आणि टाइप केलेले उतारे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली खुले, म्हणजे आमचं नाव देऊन कुणीही वापरावेत. चित्रं मात्र मागणाऱ्याशी बोलून, कारण हस्ताक्षरावरूनही मूल ओळखता येतं.

१० जानेवारी २०२६

खर्च: छपाई आणि झेरॉक्स सुमारे ३,८००. बाहेरची हार्ड डिस्क ४,६००. स्टँड, दिवे, सेल, बल्ब मिळून दोन हजारांच्या आत. सगळा वर्गणीतून. पैशापेक्षा वेळ जास्त गेला, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा पुन्हा टाइप करण्यात.

बदल्यांचा विचार करून सामाईक खातं कुणा एकाच्या नावावर ठेवलेलं नाही. पासवर्ड तिघांकडे आणि बंद पाकिटात केंद्रशाळेत. साठ्याची एक प्रत हार्ड डिस्कवर, दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत सगळ्यांसमोर काढायची. तिथेच दहा फाइली उघडून बघायच्या, कारण प्रत काढली म्हणजे ती उघडतेच असं नाही.

शेजारच्या केंद्रानं हे सुरू करायचं ठरवलंय. त्यांना आम्ही प्रश्नपत्रिका, सहा ओळींचं संमतीपत्र आणि रकाने आधीच ‘मजकूर’ केलेला कोरा तक्ता दिला. कोडवही मुद्दाम दिली नाही. आधी त्यांनी आपल्या मुलांची शंभर उत्तरं वाचावीत, स्वतःचे कोड करावेत, आणि मग दोन्ही कोडवह्या शेजारी ठेवून बघू. आमची हातात असती तर त्यांच्या मुलांचं नवीन काही आलं तरी ते आमच्या ‘इतर’मध्ये गेलं असतं. त्यांची पहिली शंभर फेब्रुवारीच्या परिषदेत वाचायची आहेत.